आजारापूर्वीचे कर्तव्य

आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेचा नवा प्रस्ताव हाती आला की मी त्याला एक प्रश्न विचारतो. या प्रस्तावात शासनाचे कर्तव्य नेमके कोणत्या क्षणी सुरू होते? माणूस रुग्णालयात दाखल होतो त्या क्षणी, की त्याच्या कितीतरी आधी? ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून माझ्या आयुष्याचा मोठा काळ गेला. त्या काळात धोरणे अनेकदा बदलली, योजनांची नावे बदलली, नोंदवह्यांचे रकाने वाढले आणि नंतर त्या नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली. या सर्व बदलांकडे आतून पाहिल्यानंतर माझे जे मत बनले, ते वाचकांपुढे विचारार्थ ठेवत आहे. गेल्या दीड दशकात ज्यांना आपण आरोग्यसुधारणा म्हटले, त्यांतील बहुतेकांनी रुग्णालयातील खर्चाची हमी दिली. परंतु आजार वेळीच ओळखण्याची, तो वाढू न देण्याची आणि शक्य तेथे तो होऊच न देण्याची जबाबदारी मात्र शासनाच्या हातून हळूहळू सुटत गेली. या दोन गोष्टींतील अंतर गरिबांच्या शरीरावर मोजले जाते, म्हणून त्याची चर्चा गांभीर्याने व्हायला हवी.

हे कर्तव्य कोठे सुरू व्हावे, याविषयी आपल्या देशात पूर्वी संभ्रम नव्हता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देश स्वतंत्रही झालेला नव्हता. पैसे नाहीत एवढ्या कारणाने कोणीही योग्य उपचारांना मुकू नये, हे तत्त्व त्या समितीने पायाभूत मानले. प्रतिबंध आणि उपचार ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेने आणि लोकवस्तीच्या शक्य तितक्या जवळ राहून करावीत, हा तिचा तितकाच ठाम आग्रह होता. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्या आग्रहातून रुजली. पुढे सपाटीवरील ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात अनुक्रमे ३,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे, असे निकष ठरले. १९७८ मध्ये अल्मा-आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेला साऱ्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ठेवले. १९८१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने सर्वांसाठी आरोग्याचा पर्यायी मार्ग सुचवणारा अहवाल सादर केला. त्या कार्यात कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. लोकांच्या सहभागाने खालून उभी राहणारी आणि वैद्यकीय व्यवसायाच्या बाजारीकरणाला आवर घालणारी व्यवस्था, ही त्या अहवालाची दिशा होती.

प्राथमिक आरोग्य केंद्र प्रत्यक्षात काय करते, हे शहरात राहणाऱ्या वाचकांना सहसा पाहायला मिळत नाही. सकाळची ओपीडी हा त्याच्या कामाचा केवळ दर्शनी भाग असतो. गरोदर स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी, लसीकरणाची सत्रे, क्षयरुग्णांच्या गोळ्यांचा पाठपुरावा, कुष्ठरोगाचे चट्टे शोधणे, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणे, विहिरींत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडते की नाही हे पाहणे, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणे, अशी शेकडो लहान कामे परिचारिका, आरोग्यसेवक आणि आशा कार्यकर्त्या वर्षभर करत असतात. एका पावसाळ्यात आमच्या कार्यक्षेत्रातील एका वाडीवर गॅस्ट्रोची साथ उद्भवली. आशाताईंनी पहिल्याच संध्याकाळी निरोप धाडला. रात्रीच शाळेच्या खोलीत सलाइन लावण्याची सोय झाली, घरोघरी ओआरएसची पाकिटे पोहोचली. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवकाने नळयोजनेच्या वाहिनीवरून चालत जाऊन गटाराशेजारची गळती शोधून काढली आणि ग्रामपंचायतीकडून ती दुरुस्त करून घेतली. साथ ओसरली, कोणी दगावले नाही. या कामावर झालेला खर्च एखाद्या खासगी रुग्णालयातील एका दिवसाच्या बिलाहूनही कमी असावा. विम्याच्या कोणत्याही योजनेत या कामाला दर नाही, कारण त्यात दाखल झालेला रुग्ण नव्हता आणि केलेली शस्त्रक्रियाही नव्हती. सार्वजनिक आरोग्याचे सर्वांत मोलाचे काम बहुतेक वेळा असेच असते.

महाराष्ट्राने या विषयात साऱ्या जगाला शिकवावे असे काम करून दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे काम सुरू केले. अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर असलेल्या गावातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले आणि दुष्काळी मुलुखातील गावांचे आरोग्य पालटू शकते, हे सिद्ध केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची घरच्या घरी काळजी सोपवली. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. या दोन्ही ठिकाणी यशाचे मूळ भव्य इमारतीत किंवा महागड्या यंत्रात नव्हते. प्रशिक्षित माणूस रुग्णाच्या जवळ होता, सतत होता आणि त्याच्या मागे डॉक्टर आणि औषधे यांचे पाठबळ होते, हे त्या यशाचे कारण होते.

अशा परंपरेच्या राज्यात सुधारणेचा ओघ दुसरीकडे वळला. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचार नोंदणीकृत रुग्णालयांत विनामूल्य मिळण्याची ती व्यवस्था होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि तिने सुमारे १० कोटी ७४ लाख कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देऊ केले. २०२३ मध्ये राज्य शासनाने आपली योजनाही पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला.

या योजनांनी केलेले भले नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हृदयातील छिद्रासह जन्मलेली बालके या योजनांमुळे शस्त्रक्रिया होऊन घरी परतली, हे मी पाहिले आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी ज्यांना पूर्वी जमीन गहाण टाकावी लागली असती, अशा कुटुंबांची जमीन वाचलेलीही मी पाहिली आहे. रुग्णालयाच्या दारात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कागदपत्रे हाती धरून उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरा कोणताही आधार नसतो, याची जाणीव ठेवूनच मी पुढचे लिहीत आहे. आक्षेप त्या मदतीवर नाही. त्या मदतीलाच संपूर्ण आरोग्यसुधारणा मानण्यावर आहे.

हा आक्षेप माझ्या मनात कसा स्पष्ट झाला, ते सांगतो. आमच्या केंद्राच्या हद्दीत एक शेतमजूर राहत असे. चाळिशीच्या आतबाहेरचे वय, अंगाने काटक, कोणतेही व्यसन नाही. एका तपासणी शिबिरात त्याचा रक्तदाब बराच वाढलेला आढळला. त्याला गोळ्या सुरू केल्या आणि काही महिने तो नियमाने येत राहिला. नंतर त्या गोळ्यांचा पुरवठा थांबला. केंद्रातून मागणीपत्रके वेळेवर जात होती; वरून उत्तर मात्र एकच येत असे, साठा शिल्लक नाही. गोळ्या बाहेरून घेण्याची चिठ्ठी त्याला मिळाली. त्यासाठी तालुक्याला जावे लागे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. उच्च रक्तदाबाचे दुर्दैव असे की तो दुखत नाही. ज्याला काही दुखत नाही त्याने रोज पदरचे पैसे मोडून औषध घ्यावे, ही अपेक्षा हातावर पोट असलेल्या माणसाकडून करणे कठीण असते. आशाताईंनी त्याला अनेकदा समजावले, पण पोटाची निकड वरचढ ठरली आणि त्याच्या गोळ्या बंद पडल्या.

काही वर्षांनी तो मला जिल्ह्याच्या ठिकाणी भेटला. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि शासकीय योजनेखाली त्याचे डायलिसिस सुरू होते. त्याची पत्नी सोबत होती. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कार्डावर सगळं फुकट होतंय, एक पैसा घेत नाहीत. पण आठवड्यातनं दोनदा यायचं म्हणजे दोघांचीबी मजुरी बुडती. एसटीचं भाडं, इथलं खाणं... पोरीची शाळा सुटली बघा.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. शासनाने आपल्यावर उपकार केले, अशीच तिची प्रामाणिक भावना होती. त्या भावनेपुढे मला काही बोलता आले नाही.

या एका माणसाच्या बाबतीत शासनाचे वर्तन कसे होते, याचा शांतपणे विचार करावा. दिवसाला फार तर काही रुपयांची गोळी त्याच्या गावाजवळ ठेवणे शासनाला जमले नाही. तीच गोळी न मिळाल्याने उद्भवलेल्या आजारावर मात्र तेच शासन वर्षानुवर्षे लाखो रुपये खर्च करत राहिले. हिशेबाच्या वहीत दुसरा खर्च यश म्हणून नोंदला जातो. पहिल्या अपयशाची नोंद कोठेच होत नाही. योजनेच्या वार्षिक आकडेवारीत हा शेतमजूर लाभ मिळालेल्यांच्या संख्येत मोजला गेला असणार. त्याच्या आयुष्यातील जी वर्षे गेली, त्याच्या मुलीचे जे शिक्षण गेले, ते मोजण्यासाठी त्या कागदावर जागाच नाही.

विम्याच्या पद्धतीवर आधारलेल्या सुधारणेचा हा मूलभूत दोष आहे. ती पद्धत घटनेला पैसे देते: दाखल होणे, शस्त्रक्रिया होणे, घरी सोडले जाणे. आजार मात्र घटनेसारखा येत नाही. तो काळाच्या ओघात वाढतो आणि त्याला आवरण्याचे काम त्या सबंध काळात चालू राहावे लागते. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च धरला जातो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आयुष्य त्या योजनेच्या बाहेर राहते. बाह्यरुग्ण विभागातील सल्ला, तपासण्या आणि रोजची औषधे यांवर होणारा खर्च तिच्या कक्षेत येत नाही. भारतीय कुटुंबे आरोग्यावर स्वतःच्या खिशातून जो खर्च करतात, त्याचा मोठा हिस्सा नेमका याच बाबींवर होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. हे प्रमाण पूर्वीपेक्षा घटले आहे, ही समाधानाची बाब आहे. तरीही जो खर्च उरला आहे, तो सर्वांत जास्त त्या माणसांवर पडतो ज्यांचा आजार दीर्घ, दररोजचा आणि नाट्यहीन आहे.

जवळ विश्वासाची प्राथमिक सेवा नसते, तेव्हा तिची जागा काय घेते, याचे विदारक उदाहरण बीड जिल्ह्याने दिले. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या तक्रारी, असे हे विकार. त्यांपैकी बरेचसे साध्या औषधांनी आणि योग्य सल्ल्याने बरे होण्याजोगे असतात. परंतु फडावर काम करणाऱ्या स्त्रीला एक खाडा झाला तरी दंड भरावा लागतो, गावात स्त्रीरोगांची तपासणी होत नाही, आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती दाखवली जाते. अशा वेळी ती कायमच्या मोकळिकीसाठी पिशवी काढण्यास तयार होते. या शस्त्रक्रियांचा दोष विमा योजनांवर ढकलता येणार नाही, कारण त्यांतील अनेक स्त्रियांनी उचल आणि कर्ज घेऊन हा खर्च केला होता. या घटनेचा धडा वेगळा आहे. प्राथमिक सेवेची पोकळी नुसत्या पैशाने भरली, तर त्या पैशातून अधिक शस्त्रक्रिया विकत घेतल्या जातील, अधिक आरोग्य नव्हे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, आणि खासगी रुग्णालयांच्या दरांवर व दर्जावर परिणामकारक नियंत्रण आजही नाही. अशा बाजारपेठेत सार्वजनिक पैसा ओतण्यापूर्वी तिला नियम घालून देणे हे शासनाचे पहिले काम होते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते आदराने ऐकले पाहिजे. सरकारी दवाखाने चालत नाहीत, तेथे डॉक्टर नसतात, औषधे नसतात, वागणूक चांगली नसते. मग गरिबाने त्याच दारात का थांबावे? त्याच्या हाती कार्ड दिले तर तो चांगल्या रुग्णालयाची निवड करू शकेल. या उत्तरातील पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. मुख्यालयी न राहणारे अधिकारी, सरकारी पगार घेऊन खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर, रुग्णाशी अरेरावीने बोलणारे कर्मचारी हे सारे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु उत्तरार्धात एक मोठे गृहीतक दडले आहे. दुर्गम तालुक्यात निवड करण्यासाठी दुसरे रुग्णालयच नसते. योजनेत नोंदणी झालेली खासगी रुग्णालये शहरांत आणि जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणी एकवटलेली असतात. मेळघाटातील किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील माणसाला कार्ड मिळाले तरी ते वापरण्याची जागा फार दूर राहते.

शिवाय सरकारी दवाखाने चालत नाहीत, ही निसर्गाने घडवलेली आपत्ती नाही. पदे भरली गेली नाहीत म्हणून ती रिक्त राहिली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचारी वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले; २०२३ च्या अखेरीस त्यांना सेवेत सामावून घेण्याच्या मागणीसाठी राज्यव्यापी संप करावा लागला. औषधखरेदीचे काम २०१७ मध्ये एका यंत्रणेकडे गेले आणि २०२३ मध्ये कायदा करून ते दुसऱ्या प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. दरम्यानच्या काळात दवाखान्यांच्या फडताळांनी त्याची किंमत मोजली. तमिळनाडूने मात्र १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि केंद्रीय खरेदी, जिल्हावार गोदामे व साठ्याची चोख नोंद यांच्या आधारे सरकारी दवाखान्यांत औषधे नियमित पोहोचवता येतात, हे दाखवून दिले. भारतातीलच एका राज्याला जे तीन दशकांपूर्वी साधले, ते आपल्याला अशक्य आहे, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि औषधे, मनुष्यबळ व अर्थसंकल्पी तरतूद यांचे प्रश्न न्यायासनापुढे आले. त्यातील अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत इतर ठिकाणांहून पाठवले गेले होते, असे स्पष्टीकरण प्रशासनाने दिले. ते खरे धरले तरी त्याचा अर्थ गंभीर आहे. खालची प्रत्येक पायरी रुग्णाला वर ढकलत राहिली आणि शेवटच्या पायरीवर गर्दी, तुटवडा आणि मृत्यू एकत्र आले. त्याच वर्षी आरोग्यविम्याची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला होता. रुग्णालय उभे नसताना त्याचे बिल भरण्याची हमी किती उपयोगी पडते, हा प्रश्न या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपोआप समोर येतो.

न्यायाने हेही नमूद करायला हवे की केंद्राच्या २०१८ च्या धोरणात दीड लाख उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे सक्षम करण्याची घोषणा होती. रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी व औषधे गावात मिळावीत, हा तिचा हेतू होता. ती केंद्रे म्हणजेच आजची ‘आयुष्मान आरोग्य मंदिरे’. हेतू निःसंशय योग्य आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आल्याने अनेक गावांत प्रथमच नियमित तपासणी सुरू झाली, हेही खरे. पण ते अधिकारी बहुतांशी कंत्राटी आहेत, त्यांच्या मोबदल्याचा काही भाग नोंदींच्या निकषांवर अवलंबून असतो, आणि गोळ्यांचा साठा संपला की त्यांच्या हाती केवळ सल्ला उरतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सर्व सेवा निःशुल्क करण्यात आल्या. तोही योग्य दिशेचा निर्णय होता. मात्र निःशुल्क सेवेच्या दारी येणारी गर्दी वाढते, तेव्हा माणसे आणि औषधे त्या प्रमाणात वाढवावी लागतात. अन्यथा त्या निर्णयाचा भार त्याच परिचारिकेवर पडतो जी आधीच दोन उपकेंद्रांचा कार्यभार सांभाळत असते.

या साऱ्याहून अधिक चिंता मला दुसऱ्या प्रकारच्या प्रस्तावांची वाटते. जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचा आराखडा चर्चेसाठी मांडला. साठ वर्षांच्या कराराने रुग्णालयाचे संचालन खासगी संस्थेकडे द्यावे आणि तेथील काही खाटा नियंत्रित दराच्या, तर काही बाजारदराच्या असाव्यात, अशी त्यात कल्पना होती. डॉक्टरांची संख्या वाढावी, हा त्यामागचा उद्देश समजण्याजोगा आहे. पण जिल्हा रुग्णालय ही गरिबाची शेवटची आशा असते. एकाच छताखाली पैसे देणारा आणि न देणारा असे दोन वर्ग निर्माण झाले, तर कर्मचाऱ्याचे लक्ष कोणत्या खाटेकडे आधी जाईल, हे सांगायला दूरदृष्टीची गरज नाही. साठ वर्षांचा काळ म्हणजे दोन पिढ्या होतात. आजच्या सरकारने केलेल्या कराराची उत्तरे तेव्हाच्या नागरिकांनी कोणाकडे मागायची?

येथे प्रश्न अर्थशास्त्राकडून कर्तव्याकडे वळतो. शासनाला पैसा दुसऱ्याच्या हाती देता येतो; उत्तरदायित्व देता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून गंभीर जखमी झालेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की तातडीचे उपचार मिळणे हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे आणि निधीच्या कमतरतेचे कारण पुढे करून राज्याला ते नाकारता येणार नाही. संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. केवळ ग्राहक म्हणून सेवा विकत घेणाऱ्या शासनाकडे हळूहळू ती सेवा करण्याचे ज्ञान, माणसे आणि आत्मविश्वास उरत नाही. करोनाच्या काळात घरोघरी जाऊन सर्वेक्षण करणारे, तापाचे रुग्ण शोधणारे, शाळांत आणि समाजमंदिरांत लसीकरण करणारे बहुसंख्य हात याच दुर्लक्षित सार्वजनिक यंत्रणेचे होते. ती यंत्रणा आधीच मोडीत निघाली असती, तर ते काम करण्यासाठी कोणतीही विमा संस्था पुढे आली नसती.

प्रतिबंधाच्या कामाला राज्यकर्त्यांचे प्रेम का मिळत नाही, हे समजणे कठीण नाही. टळलेल्या आजाराला चेहरा नसतो. ज्याला पक्षाघात झाला नाही, त्याला आपण वाचलो हे ठाऊकच नसते. तो कोणाचे आभार मानणार? शस्त्रक्रियेनंतर कार्ड हाती धरून उभा असलेला माणूस छायाचित्रात दिसतो, आणि पाच वर्षांनी मते मागणाऱ्या राजकारणाला तो दिसणे आवश्यक असते. आरोग्याचा काळ मात्र पाच वर्षांच्या मापाने चालत नाही. आज मुलीला मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांचे फळ तिच्या बाळंतपणात दिसते. आज सुरू केलेल्या रक्तदाबाच्या गोळीचे फळ वीस वर्षांनी न आलेल्या आजारात असते. हे काम सत्तेला कीर्ती देत नाही, म्हणूनच ते कायद्याने आणि लोकांच्या दबावाने सत्तेवर बंधनकारक करावे लागते.

यासाठी काय करावे लागेल, हे अज्ञात नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे आणि त्यातील किमान दोन तृतीयांश प्राथमिक सेवेवर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये शासकीय खर्च १.८४ टक्के होता. हे वचन पाळणे ही पहिली सुधारणा आहे. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची पदे नियमित नेमणुकीने भरणे, अत्यावश्यक औषधांचा साठा प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी फलकावर आणि संकेतस्थळावर जाहीर करणे, खासगी रुग्णालयांच्या दर्जावर आणि दरांवर कायद्याचे नियंत्रण आणणे, या पुढच्या सुधारणा आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. त्यातील त्रुटींपासून शिकत महाराष्ट्राला त्याहून नेमका कायदा करता येईल. या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी जनसुनवाईत आपल्या दवाखान्याला प्रश्न विचारले, आणि अनेक ठिकाणी बंद खोल्या उघडल्या, औषधे आली, वागणूक बदलली. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांनाच तिचे परीक्षक केले, तर सुधारणा टिकते, याचा तो पुरावा आहे. विमा योजना या सर्वांच्या जोडीला अवश्य राहावी. त्यांच्या जागी ती येऊ नये.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी आरोग्याच्या एखाद्या मोठ्या योजनेची घोषणा ऐकाल, तेव्हा तिची लाखांतील रक्कम ऐकून थांबू नका. आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या सरकारी दवाखान्यात जा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आज मिळतात का, डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे पद भरलेले आहे का, हे विचारा. उत्तर नकारार्थी आले, तर ते ग्रामसभेत मांडा, जिल्हा परिषदेच्या सदस्याला लेखी कळवा, आमदारांकडे त्याचा पाठपुरावा करा. जी सुधारणा या साध्या प्रश्नांची उत्तरे बदलू शकत नाही, ती कितीही मोठ्या रकमेची असली तरी अपुरी आहे, हे आपण नागरिकांनी ठामपणे आणि वारंवार सांगितले पाहिजे.